हिरव्या वायरचे काम

मी पेशाने कारकून. शिक्षण बी. कॉम. दिवसभर कार्यालयात फायलींवर टिपणे लिहावयाची आणि संध्याकाळी वस्तीतील कोणाचा दाखला, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे रेशनकार्ड अशा कामांमागे धावावयाचे, असा माझा वीस वर्षांचा क्रम. स्वयंपाकघराशी माझा संबंध ताटावर बसण्यापुरताच होता, हे कबूल करताना आज संकोच वाटतो. सभेत स्त्री-पुरुष समतेवर बोलणारा माणूस घरी आल्यावर पाण्याचा पेलादेखील मागून घेत होता.

हा क्रम मार्च २०२० मध्ये मोडला. टाळेबंदी लागली, कार्यालय काही आठवडे बंद झाले व मी घरी बसलो. माझी पत्नी परिचारिका आहे. तिला सुट्टी नव्हती, उलट तिच्या पाळ्या वाढल्या होत्या. आईचे गुडघे दुखतात, तिला ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. म्हणजे स्वयंपाक करणारा हात घरात एकच उरला आणि तो माझा होता.

आज त्या स्वयंपाकाविषयी आणि त्यातूनच लागलेल्या घरगुती दुरुस्त्यांच्या नादाविषयी मी लिहीत आहे. यात काही उपयोगाच्या गोष्टी आहेत. त्यासोबत माझ्या हातून घडलेली एक गंभीर चूकही आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही असे वाटते.

तीन रकान्यांची वही

कारकुनाला वही लागतेच. मी स्वयंपाकासाठी एक जुनी खतावणी घेतली व तीन रकाने आखले. काय केले, का केले, काय झाले. आई हसली. म्हणाली, “पोयी कराले कोनी वही ठेवते का रे?” पण तिसऱ्या दिवशी तीच विचारू लागली, “कालच्या डायीचं लिवलं का तू?”

ती डाळच माझा पहिला प्रयोग. आमच्याकडे दोन प्रकारचे पाणी येते, नळाचे व बोअरचे. तुरीची डाळ कधी लोण्यासारखी शिजावयाची, तर कधी चार शिट्ट्यांनंतरही दाणा दाताखाली यावयाचा. मी एके दिवशी तीन स्टीलच्या वाट्या घेतल्या. प्रत्येकीत सारखीच डाळ, सारखेच नळाचे पाणी. पहिलीत दुसरे काही घातले नाही. दुसरीत चमचाभर चिंचेचा कोळ घातला. तिसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा. तिन्ही वाट्या एकाच कुकरमध्ये, एकाच वेळी ठेवल्या.

कुकर उघडला तेव्हा पहिल्या वाटीतील डाळ मऊ झाली होती. चिंचेच्या वाटीत दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. सोड्याच्या वाटीत पार पिठले झाले होते, पण त्याला साबणासारखा वास येत होता. मुलीने ती वाटी बोटाने दूर सारली.

कारण नंतर शोधले. आंबट पदार्थामुळे डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारा भाग लवकर सुटत नाही, म्हणून दाणा कडक राहतो. टमाटे, चिंच, आमसूल हे डाळ शिजल्यावरच घालावे. सोड्याने तो भाग लवकर विरघळतो, पण सोड्यामुळे डाळीतील ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणजे गॅस वाचवून पोषण घालवले. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, त्यामुळेही डाळ हटून बसते. तसेच फार जुनी डाळ कितीही शिजवा, अडूनच राहते.

मोठ्या उत्साहाने हे सर्व मी आईला सांगितले. आई म्हणाली, “म्या कधी आंधी चिच टाकली होती का?” खरेच, तिने कधीच टाकली नव्हती. तिच्या आईनेही टाकली नसणार. ज्या बायांना कोणी शाळेत बसू दिले नाही, त्यांनी चुलीपुढे बसून पिढ्यान् पिढ्या प्रयोगच केले होते. त्यांच्याकडे फक्त वही नव्हती.

आईच्या तोंडी असलेली पोथी

त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या बाजूने आईचे पदार्थ लिहू लागलो. उन्हाळ्यातील ज्वारीची आंबील हा त्यातील पहिला. एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या ताकात रात्री कालवून ठेवावयाचे. सकाळी तीन-चार वाट्या पाण्यात मीठ, ठेचलेला लसूण व जिरे घालून उकळी आणावयाची आणि आंबलेले पीठ एका हाताने ओतीत दुसऱ्या हाताने हलवीत राहावयाचे. हात थांबला की गाठी झाल्या. दहा मिनिटे मंद आचेवर शिजली की झाली. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ही आंबील पिऊन माणूस बाहेर पडतो.

आंबील असो की दही, काम एकच चालते. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू दुधातील किंवा पिठातील साखरेचे आम्ल करतात. त्यांना ऊब लागते. दूध साधारण ४० ते ४५ अंशांवर असताना विरजण लावावे. थर्मामीटर नको. स्वच्छ बोट बुडवून सहज ठेवता आले व ऊब लागली की तेच तापमान. माझ्या वहीत नोंद आहे की मे महिन्यात अर्धा चमचा विरजणावर चार तासांत दही लागले व सहाव्या तासाला आंबट झाले. डिसेंबरात मात्र दोन चमचे लावूनही भांडे गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवावे लागले.

वाळवणाचेही तेच. कुरडया, सांडगे, वाळवलेली मेथी, मांसाच्या चान्या या सर्वांमागे एकच तत्त्व आहे. पदार्थातील पाणी निघून गेले की त्याला नासवणारे जंतू वाढू शकत नाहीत. मीठ लावले तर ते आणखी पाणी ओढून घेते. ज्यांच्या घरात फ्रीज नव्हता व रोज बाजार करण्याची ऐपत नव्हती, त्यांनी ऊन आणि मीठ यांवर वर्ष काढले.

हे कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात सापडत नाही, अशी माझी तक्रार होती. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले आहे, हे मला फार उशिरा कळले. मराठवाड्यातील महार व मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची त्यात नोंद आहे. त्याचा इंग्रजी अनुवादही २०२४ मध्ये आला. वाचताना मला आईच्या चुलीचा धूर आठवला. वाचकहो, प्रत्येक घरात अशी एक म्हातारी आहे. ती आहे तोवर लिहून घ्या.

शिट्टी न वाजवणारा भाग

स्वयंपाकाबरोबर स्वयंपाकघरातील वस्तूंशी गाठ पडली. जून २०२० मध्ये मी कुकरमध्ये पाणी कमी घातले व वरणाच्या नादात विसरलो. एकाएकी फस्स असा आवाज होऊन झाकणावरील छोट्या छिद्रातून वाफेचा फवारा उडाला. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला होता.

दुकाने अर्धवेळ उघडी होती. मी जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो व त्या छिद्राच्या मापाचा नट-बोल्ट मागितला. दोन रुपयांत काम भागते असा माझा हिशेब होता. शेजारीच कुकर-स्टोव्ह दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर बसले होते. त्यांनी झाकण हातात घेतले, माझ्याकडे पाहिले व विचारले, “साहेब, घरी लेकरं आहेत न?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “मग बोल्ट नका लावू. हा भाग शिट्टी वाजवत नाही, डाळ शिजवत नाही. वर्षभर काहीच करत नाही. पण ज्या दिवशी करते, त्या दिवशी जीव वाचवते.”

मग त्यांनी समजावून सांगितले. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टीचे वजन जादा वाफ सोडते. पण शिट्टीच्या नळीत डाळीचा कण अडकला किंवा आतील पाणी संपले, तर उष्णता वाढतच जाते. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू असतो. तो वितळतो व वाफेला वाट देतो. तेथे बोल्ट लावला की वाफेला एकच वाट उरते, ती म्हणजे झाकण उडवून देणे.

पुढे वाचनात आले की कुकरचा मूळ जनक फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ साली लंडनमध्ये हाडे मऊ करण्याचे बंद भांडे तयार केले, तेव्हाच त्याला सुरक्षा झडप बसवली होती. पहिल्या कुकरलाच त्या भागाची गरज पडली होती आणि मी तोच भाग दोन रुपयांच्या बोल्टने बुजवण्यास निघालो होतो.

त्या कारागिरांनी मूळ कंपनीचाच व्हॉल्व्ह बसवून दिला. मी घरी येऊन वहीत लिहिले: “जो भाग काहीच करीत नाही असे वाटते, त्याचे काम आधी विचारावे.” वाक्य चांगले होते. पण वहीत लिहिलेले सर्वच अंगी बाणते असे नाही.

छोट्या दुरुस्त्यांचा नाद

त्यानंतर मला हुरूप आला. गळका नळ मी स्वतः दुरुस्त केला. मुख्य कॉक बंद केला, पान्याने नळाचे डोके उघडले, आतील झिजलेला वॉशर काढून नवा बसवला. वीस मिनिटांचे काम. हिशेबही मांडला. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलीटर धरले तर रोजचे चार लिटरांहून जास्त आणि महिन्याचे सुमारे १३० लिटर, म्हणजे आठ-नऊ हंडे पाणी मोरीतून वाहून जाते. ज्या समाजाला ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्याच्या घरातील नळ गळत राहू नये, असे मी वस्तीतील मुलांना सांगत असतो.

गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडत होती. बर्नर थंड झाल्यावर काढून धुतला, छिद्रे टाचणीने मोकळी केली, पूर्ण वाळवून बसवला. ज्योत निळी झाली. पिवळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळत नाही, म्हणजे पैसा धुरात जातो. तसेच कुकरची पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. मोठ्या आचेने आतील उष्णता वाढत नाही, फक्त वाफ बाहेर जाते.

गॅसची नळी मात्र घरी चिकटपट्टीने दुरुस्त करण्याची वस्तू नव्हे. ती पाच वर्षांनी बदलावीच. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, काडी कदापि ओढू नये. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटनाला हात लावू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो बाहेर जाऊन लावावा. आणखी एक गोष्ट. संडास साफ करण्याचे अॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

अशा लहान-लहान कामांनी माझी वस्तीत कीर्ती झाली. कोणाच्या कुकरचे हँडल, कोणाच्या मिक्सरच्या भांड्याचे कपलर. मला वाटू लागले की आता आपल्याला सर्व येते. घात तेथेच झाला.

मे २०२२

नागपूरकरांना कूलरबद्दल सांगणे नको. बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच की पत्र्याच्या पेटीत तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या असतात, खाली पाण्याची टाकी, आत पाणी चढवणारा छोटा पंप व पुढे पंखा. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते, म्हणून हवा गार येते. यासाठी हवा कोरडी हवी व खिडकी उघडी हवी. पत्रा, पाणी आणि वीज या तिन्ही गोष्टी एका पेटीत एकत्र येतात, ही यातली मोठी धोक्याची बाब आहे.

त्या मे महिन्यात पंप बंद पडला. मिस्त्रीचा फोन लागेना. मी बाजारातून नवा पंप आणला. त्याची वायर आखूड पडली, म्हणून जुन्या वायरीचा तुकडा जोडून वरून काळी टेप गुंडाळली. कूलरच्या मुख्य वायरीत तीन तारा होत्या, लाल, काळी व हिरवी. घरात दोन पिनांचाच प्लग होता. लाल व काळी तार मी त्याला जोडली. हिरवी उरली. ती मुडपून बाजूला ठेवली.

आई बाजेवर बसून पाहत होती. तिने विचारले, “हा हिरवा वायर काऊन उरला रे?”

मी म्हणालो, “त्याचं काही काम नाही, आई.”

कूलर सुरू झाला, गार हवा आली, आईने शाबासकी दिली. आठ-दहा दिवस काही झाले नाही. एके दुपारी फरशी नुकतीच पुसलेली होती. मुलगी, आता अकरा वर्षांची, अनवाणी येऊन कूलरच्या पुढच्या झडपा फिरवू लागली. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. तिचा हात पत्र्याला चिकटून राहिला व ती थरथरू लागली.

मी धावलो. तिला धरून ओढण्यासाठी हात पुढे केला तोच पत्नी आतून ओरडली, “हात लावू नका! बटन बंद करा!” मी जागीच थिजलो. तिनेच झेप घेऊन बोर्डावरील बटन बंद केले. मुलगी खाली कोसळली. पत्नीने तिचा श्वास पाहिला, नाडी पाहिली. श्वास चालू होता. मग आम्ही तिला रुग्णालयात नेले. हृदयाचा आलेख काढला, एक रात्र देखरेखीखाली ठेवले. दोन बोटांवर फोड आले होते. दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

पत्नी मला एक शब्दही बोलली नाही. आईनेही त्या वायरीचे नाव काढले नाही. दोघी बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

हिरव्या वायरीचे काम

वस्तीतील एक आयटीआय झालेला तरुण वायरमन, शासनाचा परवाना असलेला, दुसऱ्या दिवशी आला. त्याने कूलर उघडून दाखवला. माझ्या टेपच्या जोडात पाणी शिरले होते व लाल तारेचा उघडा भाग पत्र्याला टेकत होता. सारी पेटी विजेने भारलेली होती. त्यावर तो जे म्हणाला ते मी वहीत शब्दशः उतरवले आहे. “काका, जोड चुकला ही पहिली चूक. पण हिरवी जोडली असती तर त्या चुकीनं पोरीला काही झालं नसतं.”

हिरवी तार म्हणजे अर्थिंग. तिचे एक टोक वस्तूच्या पत्र्याला आणि दुसरे घराच्या अर्थिंगमार्फत जमिनीला जोडलेले असते. सर्व काही ठीक असते तेव्हा तिच्यातून वीज वाहत नाही. ती वर्षभर काहीच करीत नाही. पण पत्र्यात वीज उतरली की ती विजेला जमिनीत जाण्याची सोपी वाट देते, एकाएकी मोठा प्रवाह वाहतो व फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. ती वाट नसेल तर वीज दुसरी वाट शोधते. त्या दुपारी ती वाट माझ्या मुलीच्या ओल्या पायांतून गेली.

तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन इतर दोन पिनांहून लांब व जाड असते, ती याचसाठी. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते व काढताना सर्वांत शेवटी सुटते. ज्या कोणी ती आखली, त्याने माझ्यासारख्या माणसाचा विचार केला होता. आणि मी दोन वर्षांपूर्वी कुकरच्या व्हॉल्व्हबद्दल हेच ऐकून वहीत लिहून ठेवले होते! कुकरचा धडा मी कुकरपुरताच ठेवला.

त्याच आठवड्यात मी मीटरजवळ आरसीसीबी हे उपकरण बसवून घेतले. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ते क्षणात वीज तोडते. साठ वॅटचा जुना बल्ब जितका प्रवाह घेतो, त्याच्या आठव्या भागाहूनही हा प्रवाह कमी आहे. त्यावर एक चाचणीचे बटन असते, ते अधूनमधून दाबून पाहावे. खर्च झाला, पण मी त्या महिन्याच्या वहीत तो ‘खर्च’ या सदरात लिहिला नाही.

काय स्वतः करावे, काय करू नये

यातून घरातील प्रयोग सोडून द्यावेत, असा अर्थ कृपया काढू नये. मी सोडलेले नाहीत. डाळ बिघडली तर एक वेळचे जेवण बिघडते, दही आंबट झाले तर कढी होते. तेथे मनसोक्त प्रयोग करावेत, मुलांना करू द्यावेत, विशेषतः मुलग्यांना. नळाचा वॉशर, बर्नरची सफाई, हँडलचा स्क्रू ही कामे मुलींनी शिकावीत. माझी मुलगी आता वॉशर माझ्यापेक्षा लवकर बदलते.

परंतु वीज, गॅस व कुकरचा दाब या तीन ठिकाणी जाणकाराला बोलवावे व त्याचे पैसे द्यावेत. आपल्याच वस्तीतील मुले वायरमन, फिटर झाली आहेत. त्यांना ‘आपलाच आहे’ म्हणून फुकट राबवू नये. कष्टाला दाम नाकारणे काय असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे.

कूलर वापरणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे. प्लग तीन पिनांचाच असावा व घराचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. पाणी भरताना, टाकी साफ करताना, झडपा फिरवताना प्लग काढलेला असावा, नुसते बटन बंद करून भागत नाही. पायात कोरडी चप्पल असावी. वायरीला जोड देऊ नये, अखंड वायर घ्यावी. फ्यूज उडाल्यास त्यात जाड तांब्याची तार घालू नये, कारण फ्यूजचे कामच वितळण्याचे आहे. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करावी, नाही तर डेंग्यूचे डास त्यात वाढतात.

आणि कोणाला विजेचा धक्का बसून हात चिकटला तर त्याला स्पर्श करू नये. आधी मुख्य बटन बंद करावे. तेही शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर सारावे. मग १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बाहेरून जखम दिसत नसली तरी डॉक्टरांना दाखवावे.

विहारातील एक रविवार

२०२३ पासून आम्ही वस्तीत एक पद्धत पाडली आहे. मार्च महिन्यात, कूलर माळ्यावरून खाली येतात तेव्हा, एका रविवारी वंदनेनंतर सर्व जण विहारात थांबतात. तो वायरमन तरुण येतो. त्याचे मानधन मंडळाच्या वर्गणीतून आधी बाजूला काढलेले असते. ज्यांना शक्य आहे ते कूलर, इस्त्री, मिक्सर घेऊन येतात. बाकीच्यांकडे तो घरी जाऊन पाहतो. बाया कुकरची झाकणे आणतात. शिट्टीची नळी फुंकून पाहणे, गॅसकेट ताणून पाहणे, व्हॉल्व्ह पाहणे हे काम माझ्याकडे असते. मुले नळ उघडावयास शिकतात. कोणी आंबील करून आणते.

पहिल्या वर्षी मी तेथे उभा राहून माझी हकिकत सांगितली. सांगण्यापूर्वी मुलीची परवानगी घेतली होती. ती म्हणाली, “सांगा बाबा, पण माझं नाव नका घेऊ.” हकिकत संपल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. मग मागून एक बाई उठल्या व म्हणाल्या, “आमच्याही कूलरला दोनच पिना आहेत.” त्यानंतर दुसऱ्या उठल्या, मग तिसऱ्या. त्या रविवारी बरेच प्लग बदलले गेले. किती ते मोजण्याचे भान मला, कारकून असूनही, राहिले नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की एखादी गोष्ट केवळ ऐकिवात आहे म्हणून किंवा परंपरेने चालत आली म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे आपण विहारात अनेकदा ऐकतो. माझ्या घरात त्या दिवशी तसे पारखणारी एकच व्यक्ती होती, माझी निरक्षर आई. ‘हा वायर काऊन उरला’ असे तिने विचारले आणि मी, बी. कॉम. झालेला, तिला उत्तर ठाऊक नसताना उत्तर दिले.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात कोणी लहान किंवा म्हातारे असा प्रश्न विचारील तेव्हा हातातील पेचकस क्षणभर खाली ठेवा. उत्तर येत नसेल तर ‘मले माईत नाही’ म्हणा आणि ज्याला माहीत आहे त्याला हाक मारा. आज हा अंक वाचून झाल्यावर उठून एवढेच पाहा की आपल्या कूलरच्या, फ्रीजच्या, इस्त्रीच्या प्लगला पिना किती आहेत.

जय भीम.